दर एप्रिलला चहाच्या कुंड्या का करपतात: गवती चहा, पुदिना, तुळस आणि आलं

तक्रार दरवर्षी तीच असते. होळीपर्यंत गच्चीवरचा पुदिना कुंडीबाहेर सांडत असतो, गवती चहा कमरेला लागतो, तुळस गच्च भरलेली असते. एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुदिन्याची पानं काळी पडून गळायला लागतात. गवती चहाच्या पाती टोकाकडून वाळत बुडापर्यंत येतात, तुळशीची पानं सुरकुततात. मे संपताना नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो तोवर चहासाठी पुन्हा बाजारातून जुडी आणायची वेळ आलेली असते. जूनमध्ये नवी रोपं येतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्यांचंही तेच होतं.

“ऊनच फार” म्हणून विषय मिटवला जातो. पण विदर्भात न्हाणीच्या मोरीकडेला जमिनीत लावलेला गवती चहा पारा 45 अंशांवर गेला तरी हिरवागार उभा असतो. ऊन दोघांना सारखंच आहे, फरक पडतो तो मुळांपाशी. जमिनीत वीतभर खाली माती हवेपेक्षा बरीच थंड राहते. गच्चीवरच्या कुंडीला वरून ऊन, पश्चिमेकडून ऊन आणि खालून तापलेला स्लॅब, अशी तिन्हीकडून आच लागते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत दुपारी तीन-चारला पश्चिमेच्या कडेची माती हवेपेक्षाही जास्त तापते. पाणी शोषणारी बारीक पांढरी मुळं नेमकी त्या कडेला चिकटून वाढलेली असतात. ती भाजली की माती ओली असूनही रोप माना टाकतं. घरातलं माणूस ते पाहून आणखी पाणी घालतं आणि उरलेली मुळं कुजतात. उन्हाळ्यात मेलेल्या बऱ्याच कुंड्या उपटून पाहिल्या तर माती चिंब सापडते.

आधी नेमकं काय बिघडलंय ते पाहा

पाणी वाढवण्याआधी या तपासण्या करा. सगळ्या मिळून दहा मिनिटं पुरतात.

सकाळी सहाला रोप पाहा. दुपारी माना टाकलेलं रोप संध्याकाळी सातपर्यंत उठून उभं राहत असेल तर फारसं बिघडलेलं नाही. पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या शोषण्यापेक्षा काही तास जास्त होता, एवढंच. सकाळी सहालाही पानं लोंबत असतील तर एकतर माती खोलवर कोरडी आहे किंवा मुळं गेली आहेत.

मग उदबत्तीची काडी किंवा बांबूची पातळ कामटी कुंडीच्या मध्यावर वीतभर खोल खुपसा, दोन मिनिटांनी बाहेर काढा. हेच कडेजवळही करा. दोन्ही काड्या ओल्या, माती लागलेल्या निघाल्या आणि रोप तरी कोमेजलेलं असेल तर पाणी थांबवा. मध्यावरची काडी कोरडी आणि कडेची ओली निघाली तर पाणी बाजूनं निसटतंय. हा प्रकार इतका सर्रास आहे की त्याचं वेगळं सांगायला हवं, ते खाली येईलच.

स्वयंपाकाचा सळईवाला डिजिटल थर्मामीटर घरात असेल तर दुपारी साडेतीनला कुंडीच्या पश्चिम कडेला चार बोटं खोल लावा. 32 अंशांच्या आत आकडा असेल तर मुळं सुखात आहेत. 35 च्या पुढे पुदिन्यासारख्या नाजूक मुळांची वाढ मंदावते. 40 च्या आसपास रोज काही तास राहिलं तर बारीक मुळं मरू लागतात. थर्मामीटर नसेल तर कुंडीच्या त्या बाजूला तळहात टेकवा. दहा सेकंद टेकवत नसेल तर आत काय चाललंय ते कळलंच.

शेवटी कुंडीची भोकं पाहा. भोकांतून मुळांचा जाड गुंता बाहेर आलेला असेल तर माती जवळपास संपलेली आहे. त्या कुंडीत पाणी धरून ठेवायला काही उरलेलंच नाही.

पाणी घातलं की लगेच खालून येतं

काळ्या मातीच्या पट्ट्यात, म्हणजे विदर्भ, मराठवाडा, खानदेशात कुंडीत शेतातलीच माती भरतात. ती वाळली की आकसते आणि मातीचा गड्डा कुंडीपासून सुटतो. कडेनं बोटभर फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ तळाला जाऊन भोकांतून बाहेर येतं. बघणाऱ्याला वाटतं, कुंडी भरून वाहिली. आतला गड्डा मात्र विटेसारखा कोरडाच असतो. कोकोपीट जास्त असलेल्या मिश्रणाचंही असंच होतं. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी पटकन घेत नाही, वरून घरंगळू देतं.

कुंडी लहान, आठ इंचांपर्यंतची असेल तर ती बादलीत काठापर्यंत बुडवा. बुडबुडे येतील, ते थांबेपर्यंत ठेवा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मोठी कुंडी उचलणं होत नाही. तिच्या मातीत लोखंडी सळईनं सात-आठ भोकं पाडा, फटीत कोरडं गांडूळखत आणि वाळू भरून बोटानं दाबा. मग अर्धा लिटर पाणी सावकाश घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा अर्धा लिटर, पुन्हा थांबा. असं तीन-चार वेळा केल्यावर माती पाणी धरू लागते. हे दोन दिवस सकाळी केलं की कुंडी हाताला जड लागते.

हा तात्पुरता इलाज झाला. पावसाळ्यात कुंडी बदलताना मिश्रण बदला: दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग वर्षभर कुजलेलं शेणखत, एक भाग दोनदा धुतलेलं कोकोपीट, अर्धा भाग जाड वाळू. काळी माती वापरायचीच असेल तर चार भागांत एकापेक्षा जास्त नको. शेणखत ताजं असेल, हातात घेतल्यावर ऊब आणि वास येत असेल, तर ते कुंडीत कुजताना उष्णता सोडतं. एप्रिलमध्ये तेवढीच कसर राहिलेली असते.

कुंडी थंड ठेवणं, हाच खरा इलाज

सगळ्यात आधी कुंड्या स्लॅबवरून उचला. खाली दोन विटा ठेवून मधून हवा खेळू द्या. फुकटचा उपाय आहे आणि फरक पहिल्याच दुपारी हाताला जाणवतो.

मग पश्चिमेची बाजू झाका. वरून नेट लावलं की काम झालं असं वाटतं, पण कुंडी तापवणारं ऊन दुपारी दोन ते साडेपाच तिरपं, बाजूनं येतं. म्हणून पश्चिमेला नेटचा पडदा कुंडीच्या बुडापर्यंत सोडा. 50 टक्के ऊन अडवणारं शेडनेट घ्या. 75 टक्क्यांच्या नेटखाली तुळस लांबुळकी होते आणि तिचा वासही उतरतो. वरचं नेट रोपांपासून निदान तीन-चार फूट उंच हवं. पानांना टेकलेलं नेट हवा कोंडतं. दोऱ्या चारही कोपऱ्यांना पक्क्या बांधा. वळवाच्या पहिल्या वावटळीत सैल नेट फाटतं, आणि फाटताना दोन-तीन कुंड्याही लोळवतं.

तिसरी गोष्ट कुंडीत कुंडी. दहा इंचांची प्लास्टिक कुंडी चौदा इंचांच्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि मधल्या जागेत वाळू भरा. रोज सकाळी वाळूवर तांब्याभर पाणी घाला. मातीची कुंडी पाझरते, पाणी उडतं आणि आतली कुंडी माठातल्या पाण्यासारखी गार राहते. जिथे हवा कोरडी आहे तिथे, म्हणजे नागपूर, अकोला, जळगाव, सोलापूर या बाजूला हा उपाय फार चांगला चालतो. मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडे हवेत दमटपणा असल्यानं पाणी उडत नाही, म्हणून उपयोग कमी. दोन कुंड्यांचा खर्च नको असेल तर कुंडीला बाहेरून ओलं गोणपाट दोन पदरी गुंडाळून सुतळीनं बांधा.

मातीवर आच्छादन हवंच. उसाचं पाचट, गव्हाचं काड, वाळलेली पानं, जे मिळेल ते दोन इंच जाड पसरा. खोडाभोवती मात्र दोन बोटं जागा मोकळी सोडा. बारीक चुरा नको, तो भिजून थापीसारखा बसतो आणि त्यावर बुरशी येते.

शहरी बाल्कनीत उन्हाइतकाच दोषी असतो एसीचा बाहेरचा डबा. त्याचा गरम झोत ज्या कुंडीवर येतो ती आठवडाभरात वाळते, आणि आपण सावलीत ठेवलेली कुंडी का वाळली याचं नवल करत बसतो. कुंडी झोतापासून दूर सरकवा, दुसरं औषध नाही.

पाणी कधी, किती आणि कुठलं

पाणी सकाळी साडेसहाच्या आत द्या. रात्रभरात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी थोडं निवलेलं असतं. संध्याकाळी सहाला तेच पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं लागतं, आणि उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी तर हात पोळेल इतकं. ते सरळ मुळांवर गेलं तर दिवसभर नेट लावून वाचवलेलं दोन मिनिटांत जातं. पाइपचं पहिलं बादलीभर पाणी बाजूला काढा, पाणी हाताला गार लागलं की मगच कुंडीकडे वळा.

बारा इंचांच्या कुंडीतल्या भरगच्च गवती चहाला मे महिन्यात दिवसाला दीड-दोन लिटर लागतं. तेवढ्याच कुंडीतल्या तुळशीला लिटरभर पुष्कळ. पण मापापेक्षा वाफसा पाहा. बोटाचं पहिलं पेर आत घालून माती दमट लागली, बोटाला चिकटली नाही, की वाफसा आहे. त्या दिवशी पाणी नको. पाणी घालताना मात्र खालून थोडं येईपर्यंत पूर्ण घाला. रोज वरवर शिंपडल्यानं मुळं वरच्या दोन बोटांत येतात, आणि सगळ्यात आधी तापतो तो तोच थर. कुंडीखाली ताटली असेल तर अर्ध्या तासानं साचलेलं पाणी ओतून टाका.

आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची सवय घराघरांत आहे. हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. बोअरचं पाणी जड असेल तिथे तर हे विषच. खूण अशी: मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर, पानांची टोकं आणि कडा तपकिरी, मधलं पान हिरवं. गवती चहाचं टोक वाळणं बरेचदा उन्हामुळे नसून या क्षारांमुळे असतं. वरचा अर्धा इंच थर खरवडून काढा. मग कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधं पाणी एकाच सकाळी हळूहळू घालून माती धुऊन काढा. दहा लिटरच्या कुंडीला वीस लिटर. हे महिन्यातून एकदा पुरतं. आरओचं पाणी फरशी पुसायला ठेवा.

मे महिन्यात गावाला जायचं असेल तर दोन लिटरचं साधं, रंग न लावलेलं मातीचं मडकं कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा आणि पणतीनं झाका. पाणी दोन-तीन दिवस पाझरत राहतं. त्याहून जास्त दिवस जायचं असेल तर शेजाऱ्यांना किल्ली द्यावी लागेल. जाताना बादलीभर पाणी ओतून गेल्यानं आठवडा निघत नाही.

पुदिना: मेला असं समजून फेकू नका

चहाच्या झाडांत उन्हाळ्यात सगळ्यात आधी जातो तो पुदिना. त्याची मुळं उथळ, आणि त्याला गार हवा लागते. त्याला खोल कुंडीपेक्षा पसरट टब मानवतो: चौदा इंच रुंद, आठ इंच खोल. जागा अशी हवी की नऊपर्यंतचं कोवळं ऊन मिळेल आणि नंतर सावली. घराच्या पूर्वेची खिडकी उत्तम. जुन्या घरांत माठाखाली, ठिबकणाऱ्या पाण्याजवळ पुदिना लावत असत, त्यामागचं कारण हेच.

मार्चच्या मध्यावर कात्रीनं सगळा पुदिना दोन बोटं ठेवून छाटा. जीवावर येतं, पण पानं कमी झाली की पाण्याची मागणीही कमी होते आणि मुळांवरचा ताण उतरतो. कापलेल्याची चटणी करा. छाटल्यावर गांडूळखताची मूठभर पातळ चादर पसरून वर आच्छादन द्या. मे महिन्यात युरिया किंवा कसलंही जोरखत देऊ नका. कोवळी फूट येते आणि दोन दिवसांत करपते.

मेच्या शेवटी वरून सगळं काळं, वाळलेलं दिसलं तरी टब रिकामा करू नका. मातीलगत पसरलेली एखादी धावती काडी नखानं खरवडून पाहा. आत पांढरी, रसरशीत, करकरीत असेल तर पुदिना जिवंत आहे. वाळलेलं वरचं कापा, एक दिवसाआड थोडं पाणी द्या, टब पूर्ण सावलीत सरकवा. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत फूट दिसते. काडी तपकिरी आणि पोकळ निघाली तरच नवी लागवड.

नवी लागवड बाजारातल्या जुडीतूनच करा. जाड, जांभळट देठाच्या वीतभर काड्या निवडा, शेंड्याची चार पानं ठेवून बाकी काढा. पेल्यातल्या पाण्यात दोन डोळे, म्हणजे पानं फुटतात त्या गाठी, बुडतील असं ठेवा आणि पाणी रोज बदला. सात ते दहा दिवसांत मुळं फुटतात. हे फेब्रुवारीत किंवा जूनमध्ये करा. मेमध्ये पेल्यातलं पाणी कोमट होतं आणि देठ चिकट होऊन कुजतात.

पानांच्या मागे नारिंगी पूड बोटाला लागली तर तो तांबेरा. तशा फांद्या बुडातून कापून कचऱ्यात टाका, कुंडीतच पडू देऊ नका. संध्याकाळी पानांवर पाणी घालणं बंद करा.

गवती चहा: ऊन नव्हे, दाटी

हे उष्ण प्रदेशातलंच गवत, त्यामुळे त्याला नेट लागत नाही. तरी कुंडीत वाळतो याचं कारण दोनेक वर्षं न फोडलेला ठोंब. मधले फुटवे जुने होऊन वाळतात, बाहेरच्या कडेला हिरवी गोल झालर राहते, कुंडीत मुळंच मुळं. मे महिन्यात ठोंब फोडू नका. आत्ता पाती जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, मधल्या वाळक्या काड्या हातानं उपसून काढा. त्यात वाळवी आणि बुरशी राहते. ठोंब फोडायचं काम जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यासाठी ठेवा.

तेव्हा कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा, करवतीच्या सुरीनं चार तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात चार-पाच जिवंत फुटवे आणि खाली मुळं हवीत. मुळं अर्धी छाटा, पाती वीतभर ठेवा, कडेचे तरुण फुटवे घ्या आणि मधलं टाकून द्या. पंधरा इंचांच्या कुंडीत एकच तुकडा. पहिल्या दीड महिन्यात कापू नका. हातमोजे घाला, पातीची कड कागदासारखी बारीक कापते आणि जखम दिवसभर चुरचुरते.

रोपवाटिकेतून आणलेला गवती चहा चहात उग्र, डासांच्या अगरबत्तीसारखा लागत असेल तर तो बहुधा सिट्रोनेला आहे. बुडाशी देठ तांबूस-लालसर असेल तर संशय घ्या. गवती चहाचा देठ बुडाशी पांढरट-फिकट हिरवा असतो. पात चुरगाळून वास घ्या: लिंबाच्या सालीचा वास आला की खरा. रोशा गवतही असंच दिसतं, पण त्याचा वास गुलाबाकडे झुकतो.

तुळस: पाणी किती जण घालतात?

अंगणातल्या तुळशीला आजी सकाळी, सून आंघोळीनंतर आणि पोरं शाळेला जाताना असं तिघंही पाणी घालतात. वृंदावनाला तळाशी भोक नसलं तर ती पावसाळ्याआधीच जाते. पूजेची तुळस आणि चहाची तुळस वेगळी ठेवावी हे बरं. एकादशी-द्वादशीला आणि दिवेलागणीनंतर तुळस तोडायची नाही असं अनेक घरांत पाळतात, तोही प्रश्न सुटतो. शिवाय हळद-कुंकू, दिव्याचं तेल चहाच्या पानांवर पडत नाही.

मंजिरी दिसताच खाली दोन पानांसह खुडा, दर आठवड्याला. मंजिऱ्या पिकू दिल्या की झाड पानं सोडून बियांच्या मागे लागतं, पानं बोटाच्या नखाएवढी होतात. जुनं, लाकडी झालेलं झाड मेमध्ये छाटून तरुण होत नाही. त्यापेक्षा मेच्या शेवटी पिकलेल्या मंजिऱ्या चुरून नेटखाली ओल्या मातीवर भुरभुरा, वर माती टाकू नका, फक्त हातानं दाबा. जुलैत लावायला रोपं तयार.

पानं वाकडी, वर फिकट ठिपके, आणि मागे शाई शिंपडल्यासारखे काळे टिपके असतील तर भिंग घेऊन पाहा. जाळीदार पंखांचा, तिळाहून लहान किडा सापडेल. तुळशीचा हा नेहमीचा शत्रू, आणि त्याला लोक उन्हाचा दोष समजतात. पानांमागे बारीक जाळं आणि धुळीसारखे हलणारे लाल ठिपके दिसले तर लाल कोळी. तो कोरड्या उष्ण हवेतच वाढतो. दोन्हींवर आधी पाणीच वापरा: सलग चार सकाळी पानांच्या मागच्या बाजूला जोरदार फवारा. निम्मं काम त्यात होतं. मग उरलं तर लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 मिली भांड्यांचा पातळ साबण. आधी साबण पाण्यात, मग तेल, नीट हलवून. ऊन उतरल्यावरच फवारा, आणि आधी दोन पानांवर करून दुसऱ्या दिवशी पाहा. 35 अंशांच्या वर उन्हात फवारलं तर पानं तेलात तळल्यासारखी होतात. फवारणीनंतर आठ दिवस पानं तोडू नका, नंतरही धुऊन घ्या. दुकानातलं रासायनिक कीटकनाशक चहाच्या कुठल्याही झाडावर नको; ही पानं आपण न सोलता थेट उकळून पितो.

आलं: घाई नडते

ओट्याजवळच्या टोपलीतल्या आल्याला मार्चमध्ये कोंब फुटतात, आणि ते लगेच लावलं जातं. कोवळा कोंब एप्रिलच्या उन्हात करपतो. मेच्या मध्यापर्यंत थांबा. कोंब असलेले 30-40 ग्रॅमचे तुकडे दोन दिवस सावलीत सुकवून कापलेली बाजू कोरडी होऊ द्या. दोन इंच खोल, डोळा वर, रुंद ग्रो बॅगेत आणि झिरपत्या सावलीत लावा. कोंब वर येईपर्यंत माती फक्त दमट ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये खालची पानं कडेनं पिवळी पडली, बुंधा पाणचट झाला आणि झाड ओढताच हातात आलं तर ती कंदकूज. त्या बॅगेतली माती पुन्हा आल्याला वापरू नका. लावताना शेणखतात चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळली आणि बॅगेला जास्तीची चार भोकं पाडली तर ही वेळ बहुधा येत नाही. डिसेंबर-जानेवारीत झाड पिवळं पडून झुकलं तर तो रोग नव्हे, आलं तयार झालंय.

झाड हिरवं आहे, पण चहाला वास नाही

गवती चहा सकाळी नऊच्या आत कापा, बाहेरच्या जून पातीऐवजी मधली दोन-तीन. दोन कपांना वीतभर लांबीच्या दोन-तीन पाती गाठ मारून पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा. आलंही याच पाण्यात. कच्चं आलं थेट दुधात किसलं तर त्यातलं विकर (एन्झाइम) दूध फाडतं. आधी उकळलं की ते निकामी होतं. तुळस दूध घालायच्या वेळी. पुदिना गॅस बंद करून दोन मिनिटं झाकून. उकळला की कडू लागतो.

पहिला पाऊस पडला की

नेट एकदम काढू नका. दोन महिने सावलीत राहिलेली पानं जूनच्या लख्ख दुपारी पुन्हा करपतात. आधी पश्चिमेचा पडदा तसाच ठेवून वरचं नेट फक्त सकाळी बाजूला करा, आठवडाभरानं पूर्ण काढा. आच्छादन निम्मं उचला, नाहीतर त्याखाली गोगलगाई येतात. ताटल्या सगळ्या काढून ठेवा आणि विटा राहू द्या. मग एका सकाळी प्रत्येक कुंडीचं भोक सळईनं मोकळं करा. उन्हाळ्यात मुळांनी आणि क्षारांनी ती बुजलेली असतात, आणि तशीच राहिली तर उन्हातून वाचलेली तुळस आषाढात पाण्यानं जाते.